शनिवार-रविवारचे घर



दिवाळीचा हिशेब मिटला, दुकानात थोडी उसंत मिळाली, की आमच्या बल्लारपुरातील ओळखीची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, शहराबाहेर एखादे छोटेसे घर घ्यावे म्हणतो. शनिवारी संध्याकाळी जावे, सोमवारी सकाळी परतावे. कुठे घ्यावे?" बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक अजूनही तारणाचे कागद दाखवतात, हा त्या नोकरीचा उरलेला मान आहे. यंदा दोन महिन्यांत तीन कुटुंबांनी हाच प्रश्न केला, म्हणून त्याचे उत्तर या स्तंभात सविस्तर देतो.

इच्छा मुळीच गैर नाही. कोळशाच्या खाणी, कागदाचा कारखाना आणि पंचेचाळीस अंशांपुढे सहज जाणारा उन्हाळा यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना चार झाडांच्या सावलीची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच लोणावळा, खंडाळा, माथेरान आणि देवळाली येथे बंगले बांधले. विदर्भातील संपन्न मंडळी चिखलदऱ्याकडे वळली. आमच्यासारख्या मध्यम व्यापाऱ्याच्या खिशाला मात्र ती गावे आता पेलत नाहीत. त्यामुळे नजर जवळच्या लहान गावांकडे वळते. नेमके तेथेच जपून पाऊल टाकावे लागते. कसे, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

सुमारे सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नात्यातील एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. शेजारी माझे मेहुणे होते. त्यांचा किराण्याचा ठोक व्यापार. माणूस सरळ, बोलणे मोजके. त्यांनी पिशवीतून एक रंगीत पुस्तिका काढली. ताडोबाच्या वाटेवर एक एकर जमीन, त्यावर लाकडी घराचे चित्र, मागे डोंगर, पुढे तळे. सोबत सातबाऱ्याची छायाप्रत. "जिजाजी, एकदा नजर टाका." वाढपी समोर उभा होता, एका हातात पुरीचा तुकडा होता, दुसऱ्या हाताने मी पाने उलटली आणि म्हणालो, "कागद तर नीट दिसतात."

त्या चार शब्दांवर त्यांनी इसार दिला. चार लाख रुपये. त्यातील एक लाख रोख. खरेदीखताची तारीख तीनदा पुढे गेली. आठ महिन्यांनी मी तो सातबारा टेबलावर पसरून चष्मा लावून वाचला. भूधारणा पद्धतीपुढे 'भोगवटादार वर्ग-२' असे छापले होते आणि 'इतर अधिकार' या रकान्यात आदिवासी खातेदार असल्याची नोंद होती. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून त्या कागदावर होत्या. तीस वर्षे इतरांचे तारण तपासणाऱ्या माणसाने घरच्या माणसाचा कागद मात्र जेवता जेवता पाहिला होता.

दलालाने तीन हप्त्यांत दीड लाख परत केले आणि पुढे त्याचा दूरध्वनी बंद झाला. रोखीच्या एका लाखाचा तर पुरावाच नव्हता. मेहुण्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी दोन शब्द सुनावले असते, तर मला हलके वाटले असते.

त्यानंतर मी त्या गावी गेलो. जमिनीचा मालक असलेला म्हातारा गोंड शेतकरी दारातच बसला होता. दलालाने त्याला काही हजार रुपये देऊन एका कागदावर अंगठा घेतला होता; जमीन विकली जात आहे याची त्याला कल्पना नव्हती. 'वर्षभरासाठी वाहायला दिली' असे तो समजत होता. तेव्हा माझ्या मनात आले की आमचे अडीच लाख बुडाले, हे खरे. परंतु हा व्यवहार पुरा झाला असता, तर त्याचे सर्वस्व बुडाले असते आणि त्यावर आमच्या घराण्याची सही असती.

म्हणून पहिला नियम जमिनीच्या जातीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीखेरीज आणि विक्री असेल तर शासनाच्या पूर्वमान्यतेखेरीज घेता येत नाही. विक्रीच नव्हे, तर गहाण, बक्षीस आणि भाडेपट्टादेखील या बंधनात येतो. 'विक्री जमत नसेल तर नव्याण्णव वर्षांचा करार करू' असे कोणी सुचविले, तर तेथूनच नमस्कार करून परतावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात हा प्रश्न गावोगावी उभा राहतो. कायदा दुर्बळाच्या रक्षणासाठी आहे. त्याला अडथळा म्हणणे आपल्याला शोभत नाही.

दुसरा नियम शेतजमिनीचा. विदर्भात १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे आणि त्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकता येत नाही. शेतीचे लहान तुकडे पाडून विकण्यावरही १९४७ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. घरासाठी जमीन हवी असेल, तर अकृषक आदेश आणि मंजूर अभिन्यास हे दोन्ही कागद मुळातून पाहावेत. 'एनए होणार आहे' या वाक्याला बँकेत किंमत नसते. तुम्हीही देऊ नये.

तिसरा नियम खास पूर्व विदर्भाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत. डोळ्यांना त्या ओसाड माळरान दिसतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निर्णयात त्या वनजमिनीच मानल्या आहेत. स्वस्त मिळणारे मोकळे माळरान स्वस्त का आहे, हे जुन्या नोंदी पाहिल्यावाचून कळत नाही.

चौथा नियम आमच्या कोळशाच्या पट्ट्याचा. कोळसाक्षेत्र संपादनाचा १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालील अधिसूचनेत आपला गट क्रमांक आहे काय, हे विचारावे. खाणीतील सुरुंगाने भिंतींना तडे जातात, हे बल्लारपूर, राजुरा आणि माजरीच्या रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. तसेच नदीकाठच्या रम्य भूखंडाची पूररेषा तपासावी. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने बल्लारपूर-राजुरा मार्ग बंद पडला होता, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता गावांविषयी. ताडोबाच्या सीमेवरची मोहर्ली-कोलारा बाजू सर्वांना मोहवते. १९५५ चे ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चे अंधारी अभयारण्य मिळून हा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि भोवतीचे बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे. बांधकामावर निर्बंध आहेत, पर्यटनामुळे भाव चढले आहेत, आणि संध्याकाळी अंगणात बसावे म्हणून घर घ्यायचे, तर संध्याकाळ ही वाघ-बिबट्याची वेळ. तेथील गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ती जोखीम सोसतात. आपण दोन दिवसांचे पाहुणे. माझे मत विचाराल, तर ताडोबा पाहायला जावे, तेथे घर करू नये.

गोंदिया-नागभीड-बल्लारशाह या लोहमार्गावरची मूल, सिंदेवाही आणि नागभीड ही गावे शांत आहेत. भाताची शेती, जुनी तळी, आठवड्याचा बाजार. किमती अद्याप आवाक्यात आहेत. याच मार्गावरील वडसा हे गडचिरोली जिल्ह्याचे रेल्वेचे दार. वरोरा नागपूरच्या वाटेवर पडते. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे त्या गावाला वेगळी ओळख आहे आणि दवाखाना, बाजार, गाडी यांची सोयही आहे.

परंतु आपल्या समाजातील वयस्कर मंडळींसाठी मी भद्रावतीचे नाव आधी घेईन. स्वप्नदेव श्री केशरिया पार्श्वनाथांचे तीर्थ, शेजारी धर्मशाळा आणि भोजनशाळा; सूर्यास्तापूर्वी भोजनाची चिंता नाही. भद्रनागाचे मंदिर, विजासनची बौद्ध लेणी, जुने तळे हे सर्व पायी फिरण्याच्या अंतरात किंवा थोडे पलीकडे. भांदक स्थानक वर्धा-बल्लारशाह मार्गावर आहे आणि नागपूर-चंद्रपूर महामार्गही जवळून जातो. नगरपरिषदेचे गाव असल्याने जुन्या घरांची आखीव पत्रिका मिळते. मात्र ती जागा नझूलची तर नाही ना, असल्यास पट्टा कधी संपतो आणि हस्तांतरणाला परवानगी लागते काय, हे पाहावे. खाणी येथेही आहेत. चौथा नियम विसरू नये.

आता व्यापाऱ्याच्या आवडीचा भाग, म्हणजे जमाखर्च. समजा, घर १८ लाखांचे आहे. ही रक्कम सात टक्क्यांनी ठेवीत असती, तर वर्षाला १,२६,००० रुपये व्याज आले असते. राखणदाराला दरमहा ३,००० म्हणजे ३६,०००. मालमत्ता कर, वीज, रंगरंगोटी, वाळवी यांचे किमान १८,०००. एकूण १,८०,००० रुपये. वर्षातून प्रत्यक्ष राहणे किती? दुकान, लग्नकार्ये, मुलांच्या परीक्षा आणि आपला उन्हाळा वजा करता चाळीस दिवस झाले तरी पुष्कळ. म्हणजे एका दिवसाला ४,५०० रुपये. तेच घर दरमहा ५,००० भाड्याने घेतले, तर वर्षाला ६०,००० आणि दिवसाला १,५००. घराची किंमत वाढेल, असे कोणी म्हणेल, वाढेलही. पण लहान गावात घर विकायला गिऱ्हाईक मिळण्यास वर्षे लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ही मालमत्ता आहे, रोकड नाही.

परदेशातही हाच धडा आहे. सिसिली बेटावरील सांबुका या गावाने २०१९ मध्ये ओस पडलेली घरे एक युरो या आरंभिक किमतीला विकायला काढली. जगभरातून मागणी आली. अट होती, तीन वर्षांत घर दुरुस्त करण्याची. खरा खर्च त्या अटीत होता. स्वस्त घर आणि कमी खर्चाचे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कराविषयी थोडक्यात. स्वतःच्या वापरातील दोन घरांचे वार्षिक मूल्य २०१९-२० या आर्थिक वर्षापासून शून्य धरता येते; तिसऱ्या घरावर भाडे मिळत नसले तरी काल्पनिक भाड्याचा कर लागू शकतो. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत दोन्ही घरे मिळून दोन लाखांपर्यंतच आहे, नव्या प्रणालीत स्वतःच्या वापरातील घरावर ती नाही. आणि इसार असो वा किंमत, वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेऊ-देऊ नये. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो आणि देणाऱ्याच्या हाती पुरावा राहत नाही. आमच्या एका लाखाने ते शिकविले.

कागद पाहताना तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. तो स्वतः काढावा, दलालाची छायाप्रत स्वीकारू नये. बँकेने त्या घरावर कर्ज नाकारले, तर अपमान मानू नये. तो फुकट मिळालेला सल्ला समजावा. शक्य असल्यास खरेदीपूर्वी एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या गावात काढावा. हिवाळ्यात सगळीच गावे सुंदर दिसतात.

आम्ही काय केले, तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी आणि मेहुण्यांनी मिळून भद्रावतीत एक जुने कौलारू घर अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने घेतले. प्रस्ताव माझा होता. मनावरचे ओझे थोडे उतरावे, हा स्वार्थ. करारपत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवले तेव्हा मी ते तीनदा वाचले. ते हसून म्हणाले, "जिजाजी, आज पंगत नाही, सावकाश वाचा." त्या एका वाक्यात मला माफी मिळाली. पुढे दरवर्षी करार नवा करतो. घर घेण्याचा विषय आता दोघांपैकी कोणीच काढत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी परिग्रहाची मर्यादा सांगताना यादीच्या आरंभी क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, ही दोन नावे घातली आहेत. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या समाजाला त्याचे कारण समजावून सांगायला नको. ज्यांना खरोखर घर हवे आहे आणि परवडते आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे. कागद उजेडात आणि रिकाम्या हातांनी वाचून घ्यावे. ज्यांना फक्त विसावा हवा आहे, त्यांनी आधी एक शनिवार धर्मशाळेत काढून पाहावा. पुष्कळांची गरज तेवढ्याने भागते.

पुढील अंकात मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांतील फरकाविषयी लिहीन. जय जिनेंद्र.