वॅटचा आकडा नेमका कोणता?

होम थिएटरसाठी एव्ही रिसीव्हर घेऊ पाहणारा ग्राहक दुकानात शिरला, की विक्रेता सर्वप्रथम वॅटचा आकडा पुढे करतो. हा आकडा किती लवचिक असतो, याची दखल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये नव्याने घेतली. ॲम्प्लिफायरच्या शक्तीबाबतचा नियम तेथे १९७४ पासूनच आहे. परंतु मोजणीच्या अटी ठरविण्याची बरीच मोकळीक उत्पादकांना होती. सुधारित नियमाने ती आवळली. ८ ओहमच्या भारावर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात आणि एक टक्क्याहून कमी विकृती राखून आलेला आकडा तेथे प्रमाण ठरला.

भारतात विकल्या जाणाऱ्या खोक्यांना हा नियम बांधील नाही. येथे तुलनेचा भार ग्राहकावरच पडतो. मध्यम किमतीच्या एकाच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ८० वॅट आणि १७५ वॅट असे दोन्ही आकडे सापडू शकतात. पहिला संपूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल चालवून, नगण्य विकृतीसह मोजलेला. दुसरा ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, एकच चॅनेल चालवून आणि तब्बल दहा टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला. खोक्यावर ठळक अक्षरांत कोणता छापला जातो, हे सांगावयास नकोच. सातही चॅनेल एकदम चालू लागले, की समान वीजपुरवठ्यावर ताण येऊन पहिला आकडाही सहसा टिकत नाही.

बरे, या आकड्यांचा कानावर होणारा परिणामही समजला जातो तेवढा नसतो. ८० ऐवजी १०० वॅट घेतल्यास जेमतेम एक डेसिबलची भर पडते. शक्ती दुप्पट केली तरी तीनच. तेवढाच लाभ ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर निवडून मिळतो. दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात तर वॅटपेक्षा खोलीनुसार ध्वनी जुळवून घेणारी व्यवस्था अधिक मोलाची.

कंपन्यांची तुलनाही वाटते तितकी खुली राहिलेली नाही. डेनॉन आणि मरांट्झ ही नावे एकाच घरातील. २०२५ मध्ये ती सॅमसंगच्या मालकीच्या हर्मनकडे गेली. ओन्कियोने २०२१ मध्ये आपला गृहध्वनी व्यवसाय वॉक्स व शार्प यांना विकला आणि २०२२ मध्ये मूळ कंपनीनेच दिवाळखोरी पत्करली. तेव्हा पाच वर्षांनी सुटा भाग कोण देणार, हा प्रश्न वॅटच्या आधी विचारावयास हवा.

नावे निराळी असली तरी आतील भाग एकच असू शकतो, याचा अनुभव २०२० मध्ये आला. डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही नव्या रिसीव्हरांतून एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२० हर्ट्झचे ४के चित्र टीव्हीपर्यंत नीट पोहोचेना. दोष सर्वांनी वापरलेल्या एचडीएमआय चिपमध्ये होता. कंपन्यांनी पुढे विनामूल्य उपाय दिला खरा; पण खोक्यावरील एचडीएमआय २.१ ही अक्षरे पाहून ज्यांनी खरेदी केली होती, त्यांना तोवर थांबावे लागले.