जागे कोणी राहायचे, हे ठरवणार कोण?

माझ्या आईचे वय ८२. रोज रात्री ९ वाजता तिला रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. आठवण राहावी म्हणून तिच्या मोबाइलवर मी एक अॅप घालून दिले. पहिला आठवडा ते बरे वाजले. मग एके रात्री वाजलेच नाही आणि दुसऱ्या रात्री वाजले ते पावणेदहाला. अॅपच कुचकामी, असे म्हणून मी मोकळा झालो. चौकशी केल्यावर कळले की ते अर्धेच खरे होते.

फोनवर डझनावारी अॅप्स असतात आणि प्रत्येकाला मधूनमधून पडद्याआड जागे होऊन काहीतरी उरकायचे असते. साऱ्यांना मोकळीक दिली तर बॅटरी दुपारीच मान टाकेल. म्हणून २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीने फोनला झोपायला शिकवले. पडदा बंद, चार्जर नाही, हालचाल नाही, की कामे थोपवून धरायची आणि अधूनमधून एकदम उरकायची. २०१८ साली नवव्या आवृत्तीने अॅप्सची प्रतवारी केली. ज्याचा वापर क्वचित, ते रांगेत शेवटी. आयफोनचीही रीत फारशी निराळी नाही. 'अमुक वेळेच्या आधी नको' एवढेच अॅपने सांगायचे, पडद्यामागच्या कामाची प्रत्यक्ष वेळ यंत्रणा ठरवते.

ही शिस्त अन्यायाची नाही. पण 'अधूनमधून' आणि 'नेमक्या वेळी' या दोन वेगळ्या गरजा आहेत. हवामानाची माहिती वीस मिनिटे उशिरा आली तर बिघडत नाही, गोळीचे तसे नाही. अँड्रॉइडवर आवर्ती कामाची जी नेहमीची सोय आहे, तिच्यात दोन फेऱ्यांमधले अंतर किमान १५ मिनिटांचे असते आणि नेमक्या क्षणाची हमी नसते. गोळीची आठवण त्या सोयीवर सोपवणे ही अॅप बनवणाऱ्याची चूक. नेमक्या गजराची वाट वेगळी आहे. मात्र २०२१ पासून तिला स्वतंत्र परवानगी लागते आणि २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून नव्याने घातलेल्या बहुतेक अॅप्सना ती आपोआप मिळत नाही. त्यातच काही फोन-उत्पादक बॅटरी वाचवण्याचे स्वतःचे अधिक कडक नियम वर लादतात.

तक्रार बचतीबद्दल नाही, मौनाबद्दल आहे. काम थोपवले, हे यंत्रणा मालकाला सांगत नाही आणि परवानगी नसल्याचे अॅपही धडपणे बोलत नाही. निदान औषधांच्या अॅपने तरी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगायला नको का?

सेटिंग्जच्या तीन पायऱ्या उतरून मी दोन परवानग्या दिल्या. आता गजर वेळेवर होतो. पण आईला त्या कधीच सापडल्या नसत्या. ज्या घरात त्या शोधून देणारे कोणी नाही, तिथल्या नऊच्या गोळीचे काय?