तिसऱ्या उमेदवाराचा गुन्हा कोणता?

राष्ट्रपतिपदासाठी तिसरा उमेदवार उभा करण्याची भाषा कोणी काढली की आपल्या राजकीय पंडितांच्या कपाळावर आठी उमटते. निकाल आधीच ठरलेला असताना हा पोरखेळ कशासाठी, असा त्यांचा सवाल असतो. डोंबिवली-कल्याणच्या मध्यमवर्गात, जेथे घरटी एखादा मुलगा अथवा भाचा अमेरिकेत असतो, तेथे या सवालाला आणखी एक शेपूट जोडले जाते : तिसऱ्या उमेदवाराने तिकडे काय साधले ते पाहा! रॉस पेरो यांना १९९२ साली जवळजवळ १९ टक्के मते मिळाली आणि निर्वाचक एकही मिळाला नाही. २००० साली फ्लॉरिडात बुश यांचे मताधिक्य अवघे ५३७ होते, आणि त्याच राज्यात राल्फ नेडर ९७ हजारांवर मते घेऊन गेले. अर्थ उघड आहे म्हणतात : तिसरा येतो तो दुसऱ्याला पाडण्यासाठीच.

हा युक्तिवाद अमेरिकेपुरता खरा मानला तरी आपल्याकडे तो लागू पडत नाही. तेथे बहुतेक राज्यांत ज्याला एक मत अधिक त्याच्या पदरात सारे निर्वाचक पडतात. आपल्या घटनाकारांनी ती चूक टाळली. भारतात राष्ट्रपतीची निवड पसंतिक्रमाच्या, संक्रमणीय मताने होते. मतदार पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती नोंदवू शकतो. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढील पसंतीकडे जातात. म्हणजे तिसऱ्याला दिलेले मत येथे वाया जात नाही, कोणाचा घातही करीत नाही. ही पद्धतीच मुळी तिसऱ्या उमेदवारासाठी आहे. रिंगणात दोघेच असतील तर दुसरी पसंती विचारायची कोणाला?

ही यंत्रणा एकदाच कसाला लागली, आणि तो तिसरा उमेदवार महाराष्ट्राचा होता याचा महाराष्ट्राला जवळजवळ विसर पडला आहे. १९६९ साली वराहगिरी वेंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यासमोर चिंतामणराव देशमुख उभे राहिले. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे हे चिंतामणराव. त्यांना पाठिंबा होता स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा. या दोन्ही पक्षांच्या आर्थिक विचारांशी आमचे कधी जमले नाही, जमणारही नाही. तथापि त्या निवडणुकीचे आकडे पक्षाभिमान बाजूस ठेवून वाचावेत असे आहेत. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. जिंकण्यास ४,१८,१६९ हवी होती. म्हणजे पहिल्या पसंतीत कोणाकडेच बहुमत नव्हते. बाद झालेल्या उमेदवारांच्या पुढील पसंत्या मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर. हव्या त्या आकड्याच्या पुढे गिरी गेले ते केवळ १,९०८ मतांनी.

या मोजणीत रेड्डींची मते ९१,८७९ ने वाढली आणि गिरींची १८,५६२ ने. देशमुखांच्या मागे उभ्या राहिलेल्यांनी आपली पहिली आवड स्पष्ट सांगितली आणि दुसरीही सांगितली. कोणाचे नाक कापले गेले नाही, राज्यघटनेला तडा गेला नाही. उलट सत्ताधारी पक्षातील अंतर्गत भांडणापलीकडेही देशात काही मत आहे, हे लेखी नोंदले गेले. आणि ज्या माणसाने मुंबईसाठी दिल्लीचे मंत्रिपद झुगारले, त्याचे नाव मतपत्रिकेवर असताना महाराष्ट्रातील सत्ताधारी मंडळी रेड्डी की गिरी याच वादात गुंतली होती, हेही नोंदले गेले. २००७ साली प्रतिभाताई पाटील यांच्या वेळी मराठीपणाचा जो उमाळा शिवसेनेला आला, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

मग तिसरा उमेदवार गेला कोठे? तो पराभूत झाला नाही. त्याला दारातच अडवण्यात आले. प्रारंभी एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे. १९६७ साली १७ उमेदवार उभे राहिले, त्यांतील नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. यात हौशी लोक होते, हे कबूल. १९७४ साली कायदा बदलून दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत अशी अट आली. तीही समजण्याजोगी होती. दहांच्या अटीनंतरही १९८७ साली तिघे आणि १९९२ साली चौघे रिंगणात होते. पण १९९७ मध्ये ही संख्या पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक अशी करण्यात आली, अनामत १५,००० वर गेली, आणि एका मतदाराने एकाच उमेदवारासाठी सही करावी हे बंधन होतेच. परिणाम पाहा. १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२ : सहा निवडणुका, आणि प्रत्येक वेळी उमेदवार बरोबर दोन. संक्रमणीय मताची सारी योजना पाव शतकाहून अधिक काळ अडगळीत पडून आहे. हौशी उमेदवारांना आळा घालण्याच्या नावाखाली विचारांच्या उमेदवारालाही आळा बसला. के. टी. शहा यांना १९५२ साली राजेंद्रबाबूंच्या विरोधात ९२,८२७ मते मिळाली. ते हौशी होते काय? १९७४ चे त्रिदिब चौधुरी, १९८७ चे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर, २००२ च्या कॅप्टन लक्ष्मी सहगल हे सारे हरणार हे ठाऊक असूनच उभे राहिले. हरण्यासाठी उभे राहणे हा लोकशाहीत गुन्हा असेल तर विरोधी पक्षांनी दुकानेच बंद करावीत.

याच शहांनी घटना समितीत राष्ट्रपती प्रौढ मतदानाने थेट निवडावा अशी सूचना मांडली होती. ती मागणी अधूनमधून डोके वर काढते. अध्यक्षीय पद्धतीचे समर्थक, त्यांत आपले वसंत साठेही होते, तिला निराळे वळण देत आले. आम्हांस या एका मुद्द्यावर शहांपेक्षा डॉ. आंबेडकरांचे म्हणणे पटते. ज्या राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे आहे, त्याला कोट्यवधींच्या मतांचे बळ देणे म्हणजे संसदेच्या छाताडावर दुसरी सत्ता बसवणे होय. निर्वाचकगण असावा. तो मात्र जिवंत असावा.

आता मतांच्या मूल्याकडे वळू. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ चे, कारण मोजणीला १९७१ ची लोकसंख्या धरली जाते. १९७६ साली गोठवलेला हा आकडा २००१ च्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत पुढे ढकलला. २०११ च्या शिरगणतीने हेच मूल्य ३९० होते. तामिळनाडूचा आमदार आज १७६ चा, म्हणजे आपल्याहून एकाने वरचढ. २०११ प्रमाणे तो ३०८ चा ठरेल. १९७१ साली ठाणे जिल्ह्यात २३ लाखांच्या आत माणसे होती. २०११ साली अविभाजित ठाणे १ कोटी १० लाखांचा, देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा झाला होता. उत्तर प्रदेशातून पोटासाठी येऊन दिव्यात वा कल्याण पूर्वेत राहिलेल्या कामगाराचे कुटुंब या हिशेबात अजून आजोबांच्या गावीच आहे. लोकलच्या दारात लोंबकळताना तो महाराष्ट्राचा आणि राष्ट्रपती निवडताना लखनौचा. तथापि हा काटा घाईने उपटू नये. केरळ आणि तामिळनाडू यांनी लोकसंख्या आवरली हा त्यांचा अपराध नव्हे, आणि त्यांचे वजन घटवून मिळवलेला न्याय आम्हांस नको. खरा अन्याय गणितात थोडा आणि आमदारांच्या मौनात फार आहे.

ठाणे शहरातील चार आणि कल्याण-डोंबिवलीतील चार असे आठ आमदार मिळून १,४०० मते होतात. २०२२ साली खासदाराचे मत ७०० चे होते. म्हणजे ठाणे आणि कल्याण येथील दोन खासदारांची मतेही तेवढीच. एकूण २,८०० झाली. निर्वाचकगणाचा पसारा आता वाढला आहे हे मान्य करूनही १९६९ चे ते १,९०८ आठवावेत. आणि २०२२ च्या जुलैत या मतांचे काय झाले? शिवसेना नुकतीच दुभंगली होती, बंडाचे केंद्र ठाणेच होते, दोन्ही गट एकमेकांस उभ्या-आडव्या शिव्या देत होते; पण राष्ट्रपतिपदासाठी दोन्ही गटांचा पाठिंबा एकाच उमेदवाराला होता. मनसेचा कल्याण ग्रामीणचा आमदारही त्यांच्याच रांगेत. द्रौपदी मुर्मू यांच्या निवडीने देशाला पहिली आदिवासी राष्ट्रपती लाभली, याचा आनंद आम्हांसही आहे. पण शहापूर-मुरबाडच्या आदिवासीच्या जमिनीबद्दल, वनहक्काच्या दाव्यांबद्दल या पाठिंब्याच्या वेळी कोणी एक शब्द काढला काय? पाठिंबा हे तडजोडीचे नाणे झाले होते. समोर यशवंत सिन्हा. म्हणजे ज्याने वाजपेयींचे अर्थखाते सांभाळले तोच विरोधकांचा पर्याय! मुर्मू नकोत आणि सिन्हाही नकोत अशी ज्याची प्रामाणिक भूमिका होती, त्याला मतपत्रिकेवर जागाच नव्हती.

पक्षादेशाची ढाल पुढे करू नये. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही, मतदान गुप्त असते, आणि पक्षांतरबंदीचा कायदा त्याला लागू नाही. पक्षश्रेष्ठींनी सांगितले म्हणून मत दिले असे जो आमदार म्हणतो, तो कायद्याने दिलेले स्वातंत्र्य आपण होऊन परत करतो. १९९७ साली शिवसेनेने साऱ्या मोठ्या पक्षांच्या विरोधात जाऊन शेषन यांना उभे केले, ते ५०,६३१ मतांवर थांबले आणि अनामतही गेली. त्यांची निवड आम्हांस तेव्हाही पटण्याजोगी नव्हती. पण एकटे पडण्याची तयारी तरी त्या पक्षात होती. २०२२ च्या दोन्ही सेनांत ती औषधालाही उरली नव्हती.

राष्ट्रपती मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. पन्नास आणि पन्नासची अट पुन्हा दहा आणि दहावर आणावी, ही मागणी डाव्या व समाजवादी पक्षांनी संसदेत त्याआधी मांडली पाहिजे. ती मान्य होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. २०२२ साली निर्वाचकगणात ४,८०९ सदस्य होते, त्यांतील शंभर सह्या पुरतात, आणि सही करण्यास कोणत्याही पक्षाध्यक्षाची परवानगी लागत नाही. ठाणे-कल्याणच्या मतदारांनी आपल्या आठ आमदारांच्या कार्यालयांत जाऊन आतापासूनच विचारावे : तिसऱ्या उमेदवाराच्या अर्जावर सही करणार काय, आणि नाही तर का नाही, ते लेखी द्या.