सिकलसेलच्या रिपोर्टआधी विचारायचा प्रश्न

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे आता लग्न जुळवताना पत्रिकेआधी सिकलसेलची तपासणी करा, असे लोक एकमेकांना सांगू लागले आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण ज्या चाचणीने रक्त तपासले, ती त्या दिवशी बरोबर चालत होती का, हे विचारणारे थोडेच.

गावच्या शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. नळीतल्या द्रावणात रक्त टाकायचे. गढूळ झाले तर सिकलसेलचा संशय, स्वच्छ राहिले तर नाही. हे द्रावण जुने झाले किंवा मे महिन्याच्या उन्हात पडून राहिले, तर निकाल चुकतो. म्हणून प्रत्येक खेपेला माहितीतले दोन नमुने सोबत लावायचे असतात, एक वाहकाचा आणि एक निरोगी माणसाचा. पहिला गढूळ आणि दुसरा स्वच्छ आला, तरच बाकीचे निकाल धरायचे. यालाच कंट्रोल लावणे म्हणतात. धान खरेदी केंद्रावर पोते चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का, हे आपण पाहतोच. रक्ताच्या बाबतीतही तेवढेच जागरूक राहा.

साखर, क्रिएटिनिन मोजणाऱ्या यंत्रांनाही हाच नियम. रोज आधी कंट्रोल चालवून आकडा आलेखावर मांडायचा. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी 1950 साली रुजवलेली ही पद्धत आजही जगभर चालते. आकडे सलग एकाच बाजूला सरकू लागले, तर यंत्र थांबवून दोष शोधायचा. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था लॅबना नमुने पाठवून बाहेरूनही पडताळणी करतात.

तेव्हा निःसंकोच विचारा, ‘आज कंट्रोल लावला का?’ चांगला तंत्रज्ञ रागावणार नाही, रजिस्टर उघडून दाखवेल. कंट्रोलचा पुरवठाच नसेल, तर दोष त्याचा नाही. रुग्ण कल्याण समितीत तो विषय काढा.

आणखी एक. सोल्युबिलिटी चाचणीवरून वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रक्त फारच कमी असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर निकाल चुकू शकतो, म्हणून ते आधी सांगा. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पण नुसती नळी गढूळ झाली, एवढ्यावरून सोयरीक मोडू नका. पक्क्या चाचणीचा रिपोर्ट हाती घ्या आणि मगच बोलणी पुढे न्या.