तक्ता हिनं लिहिला, पण तार कुणी जोडली?



या खेपेला मंचरच्या एका भगिनीचं पत्र घेतलं आहे. त्या लिहितात, “माझी मुलगी दहावीला आहे. गणित-विज्ञानात बरी आहे. खोडदच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या गटाच्या प्रयोगाचं कौतुक झालं, तेव्हापासून ‘मी डिप्लोमा करून इंजिनिअर होणार’ म्हणते आहे. सासरे म्हणतात, मुलीच्या जातीला पकड-टेस्टर कशाला? तिचे बाबा काहीच बोलत नाहीत. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी कोणत्या तोंडानं तिची बाजू घ्यावी?”

बाई, पहिली गोष्ट ही, की लेकीची बाजू घ्यायला विज्ञान यावं लागत नाही. पोहायला न येणारी आईसुद्धा मुलाला विहिरीवर पोहायला शिकायला पाठवतेच की! तुमचं काम प्रयोग समजून घेण्याचं नाही, दार अडवून धरणाऱ्यांना जरा बाजूला करण्याचं आहे. पण त्याआधी लेकीला जवळ बसवून एक प्रश्न विचारा, “तुमच्या प्रयोगात तू काय केलंस?”

हा प्रश्न मुद्दाम सांगते आहे. कुठल्याही शाळेच्या प्रदर्शनात जाऊन पाहा. सुंदर अक्षरातला तक्ता मुलींनी लिहिलेला असतो, पाहुण्यांना पाठ केलेली माहितीही त्याच घडाघडा सांगतात. तारा जोडायच्या, डाग द्यायचा, मोटार फिरवून पाहायची, ती मात्र पोरांनी. कौतुक सगळ्या गटाचं होतं, पण हात कुणाचे तयार झाले? मुलीला नुसतं सांगता आलं, मुलाला करता आलं. पुढे दहावीनंतर तीच मुलगी म्हणते, “मला नाही जमायचं ते.” न जमायला तिनं करून पाहिलंच कुठे असतं?

आता हे खोडद काय आहे, ते लांबच्या वाचकभगिनींसाठी सांगते. जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या पूर्वेला खोडद गाव आहे. तिथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे, जीएमआरटी. एकूण ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची! त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकी सोळा तीन दिशांना शेताशिवारांतून सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना प्रवेश असतो आणि आसपासच्या शाळा-कॉलेजांचं प्रदर्शन भरतं.

बसमधून जाताना त्या तबकड्या पाहिल्या असतील तर ध्यानात आलं असेल, की त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीतून लहरी निसटून जात नाहीत का? नाही. आपल्या गव्हाच्या चाळणीतून नारळ पडेल का? तसंच हे. या लहरी वीतभरापासून दोन मीटरपर्यंत, त्याहूनही लांब असतात आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लहर अडते, वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा रेटा कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी. ही युक्ती प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. गृहिणीला पटावी अशीच काटकसर आहे, नाही का?

आणि तिथे नुसते तारे पाहणारे शास्त्रज्ञ लागतात असं समजू नका. एवढ्या तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी सांभाळायला मेकॅनिकलचं शिकलेली माणसं लागतात. लहरी पकडणाऱ्या यंत्रांना इलेक्ट्रॉनिक्सची लागतात. कॉम्प्युटरची तर लागतातच. म्हणजे विज्ञान काही मुंबई-बंगळूरलाच राहत नाही, ते तुमच्या कांद्या-टोमॅटोच्या शिवारात येऊन बसलं आहे. मग आपल्या मुलींनी ते वर्षातून एकदा ओढण्या सावरत पाहून परत यायचं, एवढंच का?

आता सासऱ्यांच्या बोलण्याकडे वळू. हा विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो, कारण १९२८ साली त्या दिवशी सी. व्ही. रामन यांनी आपला शोध जाहीर केला. फार मोठा माणूस, नोबेल मिळवलेला. पण १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीनं मिळवून कमला भागवत नावाची मुलगी बंगळूरच्या त्यांच्या संस्थेत शिकायला गेली, तेव्हा ते म्हणाले, मुलींना प्रवेश नाही. आपल्या दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. ती हटली नाही. शेवटी अटी घालून, एक वर्ष पाहू, काम पटलं तरच रीतसर प्रवेश, असं ठरलं. वर्षभरात तिचं काम पाहून रामन यांना मत बदलावं लागलं आणि पुढे इतर मुलींनाही तिथलं दार उघडलं. याच कमलाबाई सोहोनी. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आणि अभ्यास कशाचा केला? दुधाचा, डाळींचा, नीरेचा! उतारवयात ग्राहक चळवळीत जाऊन अन्नातली भेसळ कशी ओळखायची तेही बायकांना शिकवलं.

सासऱ्यांना हे वादासाठी सांगू नका. संध्याकाळचा चहा देताना गोष्ट म्हणून सांगा. नोबेल मिळवलेल्या माणसाचंही मत एका मुलीच्या कामानं बदललं, तर घरातल्या वडीलधाऱ्यांचं का बदलणार नाही? फक्त मुलीला काम करून दाखवायची संधी मिळायला हवी.

ती संधी घरापासूनच द्या. फ्यूज गेला की “दादाला बोलाव” म्हणायची सवय आपणच लावतो. यापुढे मेन स्विच बंद करायला लावून, घरातल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, तो तिलाच बसवू द्या. इस्त्रीचा प्लग, सायकलची साखळी, ठिबकची तुंबलेली नळी, सगळं तिच्या हातून जाऊ द्या. एखादी वस्तू बिघडेल, बिघडू द्या! पहिली पोळी तरी आपली कुठे गोल झाली होती? शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो याच विचारानं. हातानं करता करता शिकायचं. पुस्तकात मन न रमणाऱ्या मुलीसाठी तेही ठिकाण लक्षात ठेवा.

आता कामाच्या गोष्टी. निकाल लागला की प्रवेशाची घाई उडते, तेव्हा पुढचं आत्ताच वहीत लिहून ठेवा.

एक : दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. तो पुरा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तुमच्या आंबेगाव तालुक्यातच, मंचरजवळ अवसरीला, शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि २००९ पासून शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी गेलेली मुलगी डिप्लोमा घेऊन बाहेर पडते, तोवर अठरा-एकोणीस वर्षांची होते. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर हा हिशेब सांगा.

दोन : अकरावी-बारावी सायन्स करायचं ठरलं, तर “मुलींना अवघड” म्हणून गणित सोडू देऊ नका. गणित सुटलं की इंजिनिअरिंगचं दार जवळजवळ लागलंच म्हणून समजा.

तीन : पैशाची बाजू. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी ही सवलत आहे. प्रवेश मात्र सरकारी फेऱ्यांतून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातून नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. तुमच्या अभ्यासक्रमाला काय लागू होतं, ते कॉलेजात स्पष्ट विचारून घ्या. वसतिगृह, खानावळ आणि एसटीचा पास यांचा खर्च यात धरू नका.

चार : उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. ऐनवेळी तहसील कचेरीत रांग लागते आणि कागद नाही म्हणून मुलगी मागे राहते.

पाच : वसतिगृहाची काळजी वाटते, ती रास्तच आहे. एक दिवस काढून स्वतः जा. खोली पाहा, संडास-न्हाणीघर पाहा, बाईंशी बोला, जुन्या मुलींना विचारा. मुलींचंच कॉलेज हवं असेल, तर पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्व्यांच्या संस्थेचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ पासून आहे.

राहिले तिचे बाबा. गप्प बसणारा माणूस पुष्कळदा नाही म्हणत नसतो, कुणी आधी बोलावं याची वाट पाहत असतो. तेव्हा आधी तुम्हीच बोला. अवसरीला जाताना त्यांनाही बरोबर न्या. तिथे पाठीवर दप्तर टाकून वर्कशॉपकडे निघालेल्या आपल्याच भागातल्या पोरी दिसल्या, की तुम्हाला निम्मं बोलावंच लागणार नाही.

आणि हो, लेकीनं तुमच्या त्या प्रश्नाला “मी फक्त तक्ता लिहिला” असं उत्तर दिलं, तर रागावू नका हं. “पुढच्या वेळी तार तू जोडायचीस,” एवढंच म्हणा. तिनं तार जोडली, की मला पत्रानं जरूर कळवा.