माळ्यावरची पेटी

ज्या गृहस्थाच्या घरी पत्नीची कचेरी, मुलांची शिकवणी आणि स्वतःची लोकल यांच्या ओढाताणीत रात्रीच्या जेवणाचीही निश्चित वेळ उरलेली नाही, त्याने संगीतासाठी रोज तासाभराची तजवीज करण्याचा संकल्प खुशाल सोडून द्यावा आणि माळ्यावरची पेटी तेवढी खाली उतरवून, येताजाता हात पडेल अशा जागी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या पेटीचा भाता घड्यांपाशी विरतो, वारा निसटतो आणि पट्टी न दाबताही एखादा हट्टी सूर आपल्याच तंद्रीत वाजत राहतो. परंतु हे दोष दुरुस्त करणारे कारागीर अद्यापि आहेत, आणि नभोवाणीने १९४० साली काढलेल्या मनाईहुकुमासही जे वाद्य पुरून उरले, त्याची चिंता आपण काय करावी! राहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा. १९५५-५६ साली त्याच नभोवाणीच्या पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ ऐकविले ते आठवड्यास एक गीत या मानाने, आणि माझ्या मते संसारी माणसास झेपणारा हप्ता तेवढाच. आता ही गीते घरातल्या सर्वांनी मिळून गायची, तर आईने आपल्या सोयीची काळी चार धरली म्हणजे वरच्या षड्जापाशी वडिलांची त्रेधा उडणार हे उघड आहे. तेव्हा त्यांनी गाण्याचा आग्रह न धरता, दोन्ही हातांनी पट्ट्या चाचपणाऱ्या चिरंजीवांसाठी निमूट भाता मारावा.