पळणाऱ्याची वेळ आणि हवेचा हिशेब



या सदरात आपण एरवी ऊस, भात, भुईमूग आणि दुभती जनावरे यांविषयी बोलतो. आज घरातल्या पळणाऱ्या पोराविषयी आणि पोरीविषयी बोलू. राधानगरी तालुक्यात राशिवडे घ्या, सरवडे घ्या, कसबा तारळे घ्या, नाहीतर धरणाशेजारचे फेजिवडे घ्या. तांबडे फुटायच्या आत डांबरी रस्त्यावर पावले वाजू लागतात. कुणाला पोलिसात जायचे असते, कुणाला पलटणीत, तर कुणाला शाळेकडून जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचे असते. घरचे लोकही हौसेने घड्याळ धरून उभे राहतात.

पुढे चैत्र-वैशाख लागतो आणि घरात कुरबुर सुरू होते. "माघात पाच किलोमीटरला तेवीस मिनिटं लागत होती, आता पंचवीस लागतात. पोरगं आळसावलंय." मुलगी असेल तर बोलणे आणखी पुढे जाते. "हिच्यानं काही व्हायचं नाही. बंद करा ते पळणं, लग्नाचं बघा." दोन मिनिटांच्या फरकावर एका जिवाच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लागतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

शेजाऱ्याला एकरी किती टन ऊस पडला हे ऐकल्यावर आपण लगेच विचारतो, लागण कोणती, जमीन कसली, पाणी किती, पाऊस कसा झाला? नुसत्या टनावरून कुणाला शहाणा किंवा खुळा ठरवत नाही. मग पळणाऱ्याची वेळ तेवढी हवा न विचारता का वाचावी?

आधी शरीराचे यंत्र समजून घेऊ. गुऱ्हाळघरात चुलवाणात चिपाड जळते तेव्हा सगळी धग काहिलीला लागत नाही. बरीचशी धुराड्यातून आणि भिंतीतून निघून जाते. माणसाचे अंगही तसेच. खाल्लेल्या अन्नातून पळताना जी शक्ती निघते, तिचे शंभर भाग केले तर वीस-पंचवीस भागच पाय हलवण्याच्या कामी येतात. उरलेल्यांची उष्णता होते. ती अंगाबाहेर गेली नाही तर माणूस आतून शिजू लागेल. म्हणून घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि अंग निवते.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. चैत्रात माठातले पाणी गार होते आणि आषाढात तोच माठ तितके गार करीत नाही, हे घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. हवेत ओल भरली की माठ पाझरतो, पण ते पाणी वाळत नाही. श्रावणात दोरीवरचे लुगडे दोन-दोन दिवस ओले राहते, त्यातलाच हा प्रकार. दमट हवेत पळणाऱ्याच्या अंगावरून घामाच्या धारा लागतात, पण त्या नुसत्या खाली गळतात. अंग निवत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. विहिरीवरची मोटार एक आणि पाणी सोडायची राने दोन, असे झाले की दोन्हीकडे धार बारीक होते. हृदय ही ती मोटार. गारव्यात बहुतेक रक्त पायांच्या स्नायूंना मिळते. उकाड्यात त्यातला मोठा वाटा अंग निववण्यासाठी कातडीकडे वळवावा लागतो. घामावाटे पाणी गेल्याने रक्तही थोडे आटते. मग छाती जास्त धडधडते आणि पाय मात्र कमी चालतात. पोरगे आळसावलेले नसते. त्याच्या मोटारीवर दोन रानांचा भार पडलेला असतो.

याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरची शर्यत २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्राझीलमधल्या रिओ शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. शर्यत सुटली सकाळी साडेनऊला, म्हणजे आपल्याकडे भांगलणीच्या बायका दोन सऱ्या उरकून पाणी मागतात त्या वेळेला. पुढचे अडीच-तीन तास सगळे उन्हात. तिथे कविताला २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि तिचा क्रमांक १२० वा आला.

बाई तीच, वर्षही तेच, आणि फरक जवळजवळ एकवीस मिनिटांचा. हे सगळे मिनिट हवेच्याच खात्यावर मांडणे बरोबर होणार नाही. प्रवास, तब्येत, मार्गाचे चढउतार यांचाही वाटा असतोच. पण ज्यांनी नुसता १२० हा आकडा वाचून नाक मुरडले, त्यांनी अर्धाच हिशेब वाचला एवढे खरे.

ऊन नसले म्हणजे धोका टळला असेही समजू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये कतार देशातल्या दोहा शहरी जागतिक स्पर्धेतली स्त्रियांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने मध्यरात्री ठेवली होती. तरी हवा तीस अंशांच्या वर होती आणि दमटपणा फार होता. ६८ जणी धावल्या, त्यांतल्या ४० जणींनीच शर्यत पुरी केली. बाकीच्या काही नवशिक्या नव्हत्या. त्या आपापल्या देशाच्या निवडक बायका होत्या.

आता प्रश्न असा की, हवा प्रत्येक शर्यतीत सारखाच कर घेते काय? नाही. जितके अंतर लांब तितका कर जास्त. शंभर मीटरच्या धावेला उबदार हवा उलट चांगली, स्नायू मोकळे असतात आणि अंग तापण्याआधीच शर्यत संपते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. हे काम काही मिनिटांचे. उकाड्याने त्यात थोडे सेकंद जातात, पण त्याहून जास्त नुकसान चिखलाचे मैदान, समोरचा वारा आणि रांगेत तासन्‌तास उन्हात उभे राहिल्याने होते. पाच-दहा किलोमीटरला उकाडा जाणवू लागतो. एकवीस आणि बेचाळीस किलोमीटरला तर हवाच मालक होते. आणखी एक. जो सावकाश पळतो तो जास्त वेळ उन्हात राहतो, म्हणून पहिल्या नंबरच्या गड्यापेक्षा मागून येणाऱ्याचे नुकसान अधिक होते.

लांबच्या धावेला सर्वांत मानवणारी हवा म्हणजे साधारण ५ ते १२ अंशांची, कोरडी आणि वारा नसलेली. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे याने दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी केली, ती २०२० च्या नोव्हेंबरअखेरीस, थंडीच्या दिवसांत. पायांत बळ त्याचेच, पण हवाही आडवी आली नाही.

वाऱ्याचा हिशेब फसवा असतो. जाताना समोरून आणि येताना पाठीमागून वारा असला की फिटंफाट झाली असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. समोरचा वारा जेवढे नेतो तेवढे पाठीमागचा वारा परत देत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, फोंडा घाटाकडून येणारा. राधानगरीहून दाजीपूरच्या अंगाला पळणाऱ्याला वाराही अंगावर आणि चढही अंगावर. उलट दिशेने येणाऱ्याची वेळ चांगली दिसते. ती पाहून हुरळून जाऊ नये. (त्या रस्त्याला पहाटे गवे येतात. अंधारात एकट्याने जाऊ नये.)

आपल्या तालुक्याचे वर्ष पळणाऱ्याच्या दृष्टीने असे मांडता येईल:

मार्गशीर्ष ते माघ हा सुगीचा काळ. पहाट गार आणि हवा बरी असते. वेळ आजमावायची ती याच दिवसांत. मात्र भोगावतीच्या काठाने धुके दाटते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. अंगावर पांढरा सदरा असावा आणि डांबरी सोडून कडेने पळावे.

फाल्गुन ते वैशाख उन्हाचा काळ. सूर्य वर येण्याआधी धाव संपवावी. वळवाची हवा झाली की उकाडा जास्त बाधतो. या दिवसांत वेळ वाढणारच, म्हणून घड्याळापेक्षा दमावर लक्ष ठेवावे.

ज्येष्ठ ते भाद्रपद पावसाचा. हवा गार वाटते पण ओल भरलेली असते. भिजलेला सदरा आणि चिखलाने जड झालेले बूट पायांना ओढतात, निसरड्यात पाऊल आखडते. मध्येच चार दिवसांची उघडीप पडून ऊन आले तर ते भर उन्हाळ्याइतके बाधू शकते.

आश्विन-कार्तिकात ऑक्टोबरचा तडाखा असतो. पावसाळ्याच्या गारव्याला सरावलेले अंग एकदम उन्हात पडते. अंगाला नव्या उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. नवा बैल पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही, तसेच इथेही चढत्या क्रमाने घ्यावे.

हा विषय नुसत्या मिनिटांचा नाही, जिवाचाही आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस झारखंड राज्यात शिपायांच्या भरतीत १० किलोमीटरची धाव ठेवली होती. त्या काही दिवसांत दहाहून अधिक तरुण दगावले. कारणांविषयी पुष्कळ बोलले गेले, पण त्यानंतर सकाळी नऊनंतर कुणाला पळवू नये असे तिथल्या सरकारने सांगितले. ती सगळी आपल्यासारख्याच घरांतली मुले होती. भरतीच्या मैदानावर हवा कशी आहे हे न बघता "आज नाही तर कधीच नाही" म्हणून जीव तोडून पळणे किती महागात पडते, हे घरच्यांनीही समजून घ्यावे.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घराने पाठ कराव्यात. पळताना कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तव्यासारखे तापले तर तो थकवा नव्हे, उष्माघात समजावा. घाम चालू असला तरी उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. बर्फ मिळाल्यास मान, काखा आणि जांघेत ठेवावा. १०८ ला फोन करावा, पण गाडी येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये. लांब पळायचे असेल तर तहान भागेल इतके पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-साखर-मिठाचे पाणी घ्यावे. तहान नसताना तांब्यामागून तांबे रिचवणेही घातक आहे. ताप, जुलाब असतील तर त्या दिवशी पळू नये. छातीत दुखणे किंवा चक्कर येणे असले तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

आता शेवटचे आणि स्वस्तातले काम. शाळेची एक जुनी वही घ्या. तारीख, अंतर आणि वेळ आपण लिहितोच. त्यांच्या शेजारी आणखी चार रकाने पाडा: किती वाजता पळाला, ऊन की ढग, वारा कुठून, जमीन ओली की कोरडी. मोबाइलवर तापमान आणि हवेतली ओल दिसते, तीही लिहा. अंतर नीट मोजलेले असावे. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकात मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. पण ती शर्यत आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होती. ते माहीत नसेल तर त्या वेळेची आजच्या वेळेशी तुलना करणारा चौगुल्यांवर अन्याय करील.

वर्षभर वही भरली की माघातली धाव माघाशी आणि वैशाखातली वैशाखाशी ताडून बघा. गेल्या वैशाखात सव्वीस मिनिटे घेणारी मुलगी या वैशाखात पंचवीस घेत असेल, तर ती मागे पडलेली नाही, पुढे गेली आहे. माघाच्या तेवीस मिनिटांशी तिची गाठ घालून "बंद कर" म्हणणे म्हणजे उन्हाळी भुईमुगाची रास खरिपाच्या मापाने मोजून रान पडीक टाकण्यासारखे आहे.

घड्याळ खोटे बोलत नाही, पण ते सगळे सांगतही नाही. उरलेले हवेला विचारावे लागते. आपण शेतकरी, हवा वाचणे हे आपले पिढीजात काम. शेतात वापरतो तेच शहाणपण घरच्या पोराबाळांसाठीही वापरू या.